लिबर्टीच्या पायातली साखळी

न्यूयॉर्कसमोरच्या जर्सी सिटीत राहणाऱ्या माणसाला लिबर्टीची, म्हणजे स्टॅच्यू ऑफ लिबर्टीची, पाठ दिसते. कॅलेंडरवर आणि फ्रिजच्या मॅग्नेटवर जो चेहरा असतो तो समुद्राकडून येणाऱ्या बोटींसाठी आहे. तिचं तोंड आग्नेयेला, बंदराच्या मुखाकडे, आणि आम्ही तिच्या मागच्या अंगाला. त्यामुळे लिबर्टी स्टेट पार्कमध्ये संध्याकाळी पाण्याच्या कडेने चालताना आम्हाला दिसतात त्या तिच्या खांद्यावरून खाली आलेल्या वस्त्राच्या मोठमोठ्या चुण्या, उचललेला हात आणि मशालीचा सोनेरी ठिपका. मला ही बाजू मनापासून आवडते. समोरून ती जगाची आहे, पण मागून बघताना ती आपल्याच पुढे उभी असलेली, आपल्याच दिशेने बघणारी कुणीतरी वाटते. तसं बघायला गेलं तर तिचं बेट न्यू जर्सीच्या पाण्यात आहे आणि तरी न्यूयॉर्कचं आहे. १८३४ च्या करारात दोन राज्यांनी तसं ठरवून घेतलं, आणि जर्सीवाले अजूनही त्यावर तावातावाने बोलतात.

या उन्हाळ्यात माझे सासरे, अण्णा, पहिल्यांदा इकडे आले. अण्णा पुण्याच्या तांबट आळीत वाढलेले. वडील, आजोबा सगळे तांबट, बंब, घंगाळं, हंडे घडवणारे. अण्णांनी पुढे कंपनीत नोकरी केली पण शाळा-कॉलेजच्या वयात वडिलांशेजारी बसून मठारकाम भरपूर केलेलं, म्हणजे तयार भांड्यावर हातोडीचे एकसारखे ठोके देत जायचे, त्याने पत्रा घट्ट होतो आणि भांड्याला ती चमचमणारी ठिपक्यांची नक्षी येते. न्यूयॉर्कमध्ये काय काय बघायचंय असं विचारलं तर बाकीचे पाहुणे टाइम्स स्क्वेअर म्हणतात, अण्णा म्हणाले, "ती तांब्याची बाई दाखव फक्त, बाकी तुमचं चालू द्या."

जर्सीच्या बाजूने फेरी सुटते ती जुन्या रेल्वे टर्मिनलजवळून. १८८९ साली बांधलेली ती लाल विटांची इमारत अजून उभी आहे, आत रिकामे प्लॅटफॉर्म, गवत उगवलेलं. बाहेरच्या देशांतून आलेले आणि शेजारच्या एलिस बेटावर तपासणी होऊन सुटलेले लाखो लोक इथेच उतरून गाड्या पकडून देशभर पांगले. आता तिथे सिक्युरिटीची रांग असते, एअरपोर्टसारखी, बेल्ट काढा, खिसे रिकामे करा. अण्णांनी कमरेचा पट्टा ट्रेमध्ये ठेवला आणि रांगेत मागे वळून पाण्याकडे बघत राहिले. ऊन होतं, त्यामुळे तो हिरवा रंग अगदी उठून दिसत होता.

"एवढी हिरवी पडू कशी दिली?" पहिला प्रश्न हाच.

आता तांब्यावर वाढलेल्या माणसाला हे खुपणारच. घरात तांब्याचा हंडा जरा काळवंडला तरी चिंच घेऊन बसणारे आम्ही लोक. १८८६ साली ती उभी राहिली तेव्हा अर्थातच तांब्याच्याच रंगाची होती. मग आधी तपकिरी झाली आणि समुद्राची खारी हवा खात खात १९२० च्या सुमारास पूर्ण हिरवी. मधे १९०६ साली सरकारचा तिला रंग द्यायचा विचार होता, लोकांनी आरडाओरडा केला म्हणून तो बारगळला. आणि झालं ते बरंच झालं, कारण तो हिरवा थरच खालच्या तांब्याला सांभाळतो, तो खरवडला तर आतलं चांगलं तांबं परत हवेला उघडं पडणार. हे मी सांगायच्या आधी अण्णांनीच सांगितलं, बोटीच्या कठड्याला टेकून. म्हणाले, "हां, पण हा बसलेला थर आहे. असा एकसारखा बसला की मग तो खात नाही."

फेरी आधी एलिस बेटाला थांबते, पण आम्ही ते परतीवर ठेवलं आणि तसेच बोटीत बसून राहिलो. मग बोट लिबर्टीच्या बेटाला वळसा घालून जाते आणि एकदम समोरची बाजू येते. इथे सगळे उठून एका बाजूला जातात, फोन वर, सेल्फी, आणि थोडा वेळ गोंगाट होऊन मग आपोआप शांत होतं. उंचीचं म्हणाल तर धुळे जिल्ह्यातल्या राम सुतारांनी घडवलेला सरदार पटेलांचा पुतळा १८२ मीटरचा, आणि ही चौथऱ्यासकट ९३ मीटर, नुसती बाई तर ४६. पण उंची बघायला इथे यायचंच नाही. बघायचं ते तिचं चालणं. लोक म्हणतात ती उभी आहे. ती उभी नाहीये, तिचा उजवा पाय मागे टाचेतून उचललेला आहे, ती पाऊल टाकतेय. समोरून हे कळत नाही, चौथऱ्याच्या कठड्याआड जातं सगळं.

आणि त्या पायाशी साखळी आहे. तुटलेली. उजव्या पायाजवळ बेडी आणि साखळी पडलीये, ती वस्त्राखाली शिरते आणि डाव्या पायाच्या पुढ्यात परत बाहेर येते, तिथे शेवटची कडी तुटलेली आहे. जमिनीवरून ती जवळजवळ दिसतच नाही. हेलिकॉप्टरमधून काढलेल्या फोटोत नीट दिसते. इथे येऊन चेहऱ्याचे आणि मशालीचे फोटो काढून गेलेल्या आमच्या कितीतरी पाहुण्यांना तिच्या पायात साखळी आहे हे माहीतच नसतं, आणि माझ्या मते तर पुतळ्याचा जीव तिथे आहे.

कारण ही कल्पना निघाली ती गुलामगिरीवरून. एदुआर द लाबुले नावाचा फ्रेंच कायदेपंडित होता, गुलामगिरीचा कट्टर विरोधक. अमेरिकेत यादवी युद्ध संपलं, १८६५ साली घटनेत तेरावी दुरुस्ती होऊन गुलामगिरी कायद्याने बंद झाली, आणि त्याच्या मनात आलं की या देशाला फ्रान्सने काहीतरी द्यावं, स्वातंत्र्याचं काहीतरी. स्वतःच्या देशात तेव्हा तिसऱ्या नेपोलियनची बादशाही, तिथे उघड बोलायची सोय नाही, म्हणून दुसऱ्याच्या स्वातंत्र्याला नमस्कार करून आपलं गाऱ्हाणं मांडायचं, असाही त्यात भाग होताच. शिल्पकार बार्तोल्दी मूळचा आल्सासमधल्या कोल्मारचा, १८७१ मध्ये त्याचं गाव जर्मनीकडे गेलं, म्हणजे परक्या सत्तेखाली गाव जाणं म्हणजे काय हे त्याला घरातून माहीत. त्याच्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये तुटलेली साखळी तिच्या डाव्या हातात होती. नंतर हातात पाटी आली, तिच्यावर रोमन आकड्यांत ४ जुलै १७७६ ही तारीख, आणि साखळी गेली पायाशी.

मला या बदलाचं वाईट वाटतं. हातातली साखळी म्हणजे मी हे तोडलंय बघा, असं सगळ्यांना दाखवणं. पाटी सभ्य आहे, सगळ्यांना चालण्यासारखी आहे, तिच्यात कुणाचा अपराध नाही. यादवी युद्ध संपून फार वर्षं झाली नव्हती, पैसे गोळा करायचे होते, आणि गुलामगिरीची आठवण कुणाला नको होती. पण बार्तोल्दीने ती साखळी टाकून नाही दिली, पायाखाली का होईना ठेवली. त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

याच बार्तोल्दीचं त्याआधीचं एक स्वप्न होतं ते आपल्याला माहीत असायला हवं. १८६९ साली सुएझ कालवा उघडला त्या सुमारास तो इजिप्तच्या इस्माइल पाशाकडे गेला होता आराखडा घेऊन, कालव्याच्या तोंडाशी हातात दिवा घेतलेली एक प्रचंड इजिप्शियन शेतकरी बाई, दीपगृह म्हणून. पाशाने नाही म्हटलं. ती झाली असती तर मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या प्रत्येक बोटीला ती दिसली असती, आणि आपल्या कितीतरी जुन्या प्रवासवर्णनांत ती आली असती.

बेटावरचं म्युझियम २०१९ साली नवीन झालंय. जुनी मशाल तिथे ठेवलीये, १९८० च्या दशकात मोठी दुरुस्ती झाली तेव्हा उतरवलेली. वर आत्ता आहे ती नवी, सोन्याचा वर्ख दिलेली. पण अण्णा थांबले ते दुसरीकडे. तिथे तिच्या पायाची आणि चेहऱ्याची खऱ्या मापाची तांब्याची प्रतिकृती आहे आणि तिला हात लावू देतात. अण्णांनी आधी तळवा ठेवला, मग बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकला, मग अंगठ्याच्या वळणावरून हळूहळू हात फिरवत नेला आणि जिथे अंगठा संपून शेजारचं बोट सुरू होतं त्या खाचेत बोट घालून थांबले.

"इथे बघ," म्हणाले, "हे वळण अवघड असतं. बाहेर फुगवायचं ते जमतं, पण दोन फुगे शेजारी शेजारी आले की मधला पत्रा ताणतो आणि फाटतो. तापवून तापवून करावं लागतं." मग विचारलं, "किती जाडीचा पत्रा गं?"

२.४ मिलिमीटर. तेवढाच. एवढी मोठी बाई आणि अंगावर अडीच मिलिमीटरसुद्धा नाही. अण्णा बराच वेळ मान हलवत होते. पॅरिसच्या कारखान्यात आधी प्लास्टरची लहान मूर्ती, मग टप्प्याटप्प्याने मोठी, मग त्या प्लास्टरच्या अंगाला बरोबर बसणारे लाकडी साचे सुतारांनी केले आणि त्या साच्यांत तांब्याचा पत्रा घालून आतल्या बाजूने ठोकून ठोकून आकार आणला. असे जवळजवळ ३०० पत्रे. भट्टीत ओतीव काम नाही, सगळा हातोडीचा मामला. तांबं ठोकलं की ताठ होतं, मग परत तापवून मऊ करायचं आणि परत ठोकायचं, हे पॅरिसमध्ये काय आणि कसबा पेठेत काय, धातू तोच आणि त्याचा हट्टही तोच. त्या कारागिरांची नावं भिंतीवर कुठे नाहीत. बार्तोल्दीचं नाव सगळीकडे आहे, आयफेलचं आहे. अण्णा नावं शोधत होते. मला ते फार लागलं, कारण त्यांच्या वडिलांनी घडवलेले बंब अजून किती घरांत असतील आणि एकावरही कुणाचं नाव नाही.

आयफेलचं काम मात्र कौतुकाचंच. त्याचा टॉवर यायच्या आधीची गोष्ट आहे ही. त्याने आत लोखंडी खांबांचा सांगाडा केला आणि तांब्याची कातडी त्यावर अशी टांगली की वारा आला, ऊन आलं की ती थोडी हलू शकेल, फुगू शकेल. एक अडचण होती, लोखंड आणि तांबं एकमेकांना चिकटून ओलाव्यात राहिले की लोखंड झपाट्याने गंजतं. मध्ये इन्सुलेशन घातलेलं, पण शंभर वर्षांत ते गेलं. म्हणून १९८४ ते ८६ मध्ये आतल्या लोखंडी पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या घातल्या. हे सांगितल्यावर अण्णा म्हणाले, "मग! तांब्याच्या हंड्याला लोखंडी रिबीट मारतात का कुणी?" आणि पुढे निघाले.

पुतळा फ्रान्सने दिला पण चौथरा अमेरिकेने बांधायचा होता आणि पैसे संपले. १८८५ च्या जूनमध्ये ती २१४ खोक्यांत भरून बंदरात आली आणि चौथरा अर्धवट. तेव्हा जोसेफ पुलित्झरने, जो स्वतः हंगेरीतून आलेला, आपल्या 'वर्ल्ड' या पेपरातून लोकांना आवाहन केलं, कितीही कमी द्या, प्रत्येकाचं नाव छापीन. आणि खरंच छापलं. अगदी आपल्या गणपतीच्या वर्गणीसारखं, यादीत नाव आलं पाहिजे. एक लाखापेक्षा जास्त लोकांनी मिळून एक लाखाच्या वर डॉलर जमवले, बहुतेकांचे एक डॉलरपेक्षाही कमी, शाळेतल्या पोरांचे सेंट सेंट. श्रीमंतांनी हात आखडला होता तिथे ही गर्दी पुढे आली. दहा वर्षांनी, १८९५ मध्ये, लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून रायगडावरच्या शिवाजी महाराजांच्या समाधीसाठी असंच आवाहन केलं होतं आणि तिथेही किरकोळ किरकोळ रकमा येऊन पडल्या होत्या. स्मारक कुणाचं होतं हे मला वाटतं इथे ठरतं. ज्याने चार आणे दिले तो ते आपलं म्हणतो आणि मग त्याला त्यावरून हटवता येत नाही.

पण वर्गणी मागितली त्यात चिनी लोकांकडेही मागितली. आणि त्याच्या तीनच वर्षं आधी, १८८२ मध्ये, चिनी मजुरांना देशात यायला बंदी करणारा कायदा झालेला. सॉम साँग बो नावाच्या एका चिनी माणसाने १८८५ साली पत्र लिहून हे बोलून दाखवलं, की आम्हाला इथे यायला मनाई आणि आमच्याकडे या पुतळ्यासाठी पैसे मागता, हा आमचा अपमान आहे. क्लीव्हलँड शहरातल्या एका काळ्या लोकांच्या पेपराने तर १८८६ मध्ये लिहिलं की दक्षिणेतल्या साध्या कष्टकरी काळ्या माणसाला निर्भयपणे जगता येत नाही तोपर्यंत ही मशाल पेटवूच नका, पुतळा मशालीसकट समुद्रात ढकला.

आणि बायका. २८ ऑक्टोबर १८८६, उद्घाटनाचा दिवस. पाऊस आणि धुकं. प्रेसिडेंट क्लीव्हलँड, भाषणं, तोफा. बेटावरच्या मुख्य समारंभात बायकांना जागा नाही, बार्तोल्दीची बायको वगैरे एक-दोन अपवाद सोडून. बाईचा पुतळा आणि बाईला प्रवेश नाही. मग मतदानाचा हक्क मागणाऱ्या न्यूयॉर्कच्या बायकांनी स्वतः एक बोट भाड्याने घेतली आणि बंदरात येऊन निषेध केला, की जिथे एकाही बाईला राजकीय स्वातंत्र्य नाही तिथे स्वातंत्र्याची बाई उभी करता. या बायकांना देशभर मत मिळायला १९२० उजाडलं. ही बोटीवरची गोष्ट मी जेव्हा पहिल्यांदा वाचली तेव्हा अंगावर काटा आला होता, आणि अजूनही फेरीत बसले की मी ते पाणी बघते आणि ती बोट कुठे असेल याचा अंदाज घेत बसते.

१८८६ च्या त्याच ऑक्टोबर महिन्यात आपली आनंदीबाई जोशी याच बंदरातून घरी निघाली. ती आली जून १८८३ मध्ये, तेव्हा बेटावर जुना किल्ला होता, त्याच्या अकरा टोकांच्या चांदणीवरच पुढे चौथरा बसला. ती इथून जवळच रोझेलला कार्पेंटरबाईंच्या घरी राहिली, मग फिलाडेल्फियाला शिकली, मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाली. पदवीदानाला पंडिता रमाबाई आल्या होत्या. आणि ऑक्टोबरमध्ये, क्षयाने पोखरलेली, ती परत निघाली तेव्हा बंदरात सांगाड्यावर तांब्याचे पत्रे चढवायचं काम शेवटाला आलेलं होतं. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात ती गेली, बावीस पूर्ण व्हायच्या आधी. तिची रक्षा कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहे, इथेच न्यूयॉर्क राज्यात पकीप्सीला. ती जन्मली १८६५ साली, म्हणजे ज्या वर्षी गुलामगिरी कायद्याने संपली त्याच वर्षी. ज्या समारंभात बाईला बेटावर पाय ठेवू दिला नाही त्याच्या काही दिवस आधी एक मराठी मुलगी डॉक्टर होऊन त्याच पाण्यावरून गेली, आणि माझ्या दृष्टीने स्वातंत्र्य त्या महिन्यात त्या बोटीवर जास्त होतं.

अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा आम्ही चौथऱ्यावर होतो, वाऱ्याने काही ऐकू येत नव्हतं नीट, मला ओरडून सांगावं लागलं. ते म्हणाले, "आणि बाबासाहेब? ते पण बोटीनेच आले असतील ना इथे?"

बोटीनेच. जुलै १९१३. बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती, कोलंबिया युनिव्हर्सिटी, वय बावीस. ज्याला शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला नाही तो मुलगा या बंदरात उतरला. पायातली साखळी डोळ्यांना दिसत नसली तरी असते, हे त्यांच्याइतकं तेव्हा या शहरात फार थोड्यांना कळत असेल. हार्लेम तिथून चालण्याच्या अंतरावर. पुढे १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहिलं आणि अस्पृश्यांचा प्रश्न आणि अमेरिकेतल्या काळ्यांचा प्रश्न यांतलं साम्य मांडलं. लाबुलेने ज्या लोकांसाठी ही साखळी तोडलेली दाखवली होती त्यांच्याशी आपल्या महाराष्ट्रातल्या माणसाने असा धागा जोडला. मला तरी ते या पुतळ्याच्या इतिहासाचंच पान वाटतं.

निर्वासितांची आई हा तिचा अर्थ तर मूळ योजनेत नव्हताच. तो एमा लॅझरसने दिला. रशियातून मार खाऊन आलेल्या ज्यू निर्वासितांमध्ये काम करणारी ही कवयित्री, चौथऱ्याच्या निधीसाठी १८८३ मध्ये तिने एक सुनीत लिहून दिलं, थकलेले, गरीब, मोकळा श्वास घ्यायला तळमळणारे लोक माझ्याकडे पाठवा असं म्हणणारं. उद्घाटनाला ते कुणी वाचलं नाही. एमा १८८७ मध्ये गेली. तिच्या एका मैत्रिणीने खटपट करून १९०३ मध्ये ती कविता ब्राँझच्या पाटीवर आत लावली. तोपर्यंत १८९२ पासून एलिस बेटावर बोटी रिकाम्या होत होत्या, १९५४ पर्यंत तिथून १ कोटी २० लाख माणसं आली, आणि डेकवर उभं राहून बघणाऱ्या या लोकांनीच पुतळ्याचा अर्थ बदलून टाकला. देणाऱ्याने दिला तो एक, आणि ज्यांनी बोटीवरून बघितलं त्यांनी घेतला तो वेगळा.

आणि आपण? आपल्याला दार बंदच होतं. १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टा वगळला, त्यात हिंदुस्थान आला. १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सांगितलं की बाहेरून आलेला हिंदुस्थानी माणूस नागरिक होऊ शकत नाही. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, वर्षाला १०० माणसं. पूर्ण देशाला १००. मग ३ ऑक्टोबर १९६५ ला लिंडन जॉन्सननी नव्या इमिग्रेशन कायद्यावर सही केली, आणि सही करायला ते मुद्दाम या बेटावर आले, तिच्या पायाशी टेबल मांडून. आज न्यू जर्सीत गणपती बसतात, शनिवारी मराठी शाळा भरते, कधी बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशनही होतं, ओक ट्री रोडवर चकली भाजणी मिळते, हे सगळं त्या टेबलापाशी सुरू झालं. आणि त्या सहीमागे काळ्या लोकांची नागरी हक्कांची चळवळ होती, ती नसती तर वंशावरचे कोटे गेले नसते. म्हणजे साखळी ज्यांच्या पायात होती त्यांनी लढून उघडलेल्या दारातून आपण आत आलो. आपल्या गप्पांमध्ये हे फार कमी येतं, आणि काळ्या शेजाऱ्यांबद्दल काहीजण ज्या सुरात बोलतात ते ऐकून मला लाज वाटते. तोंडावर सांगते मी हल्ली.

आत येऊनही सगळं सोपं नव्हतं. १९८७ मध्ये याच जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' म्हणवणारी टोळी होती, कपाळावरच्या टिकलीवरून दिलेलं नाव. पेपरला पत्र पाठवून सांगितलं की भारतीयांना इथून घालवणार, मारहाणी झाल्या, खूनसुद्धा झाला. त्या काळात इथे असलेल्या बायका सांगतात की घराबाहेर पडताना टिकली काढून पर्समध्ये ठेवायचो. तिची पाठ जिथून दिसते त्याच गल्ल्यांमध्ये. आज न्यूअर्क अव्हेन्यूवर नवरात्रात रस्ता बंद करून गरबा होतो.

आमचं स्वतःचं म्हणाल तर आम्ही दोघं अजून ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत. एका देशाला वर्षाच्या एकूण कार्डांपैकी सात टक्क्यांपेक्षा जास्त नाही, हा नियम भारतासारख्या देशाला लावला की रांग किती लांबते याचा हिशोब आमच्या सगळ्या ओळखीच्यांना पाठ आहे. मुलगी इथे जन्मली, ती नागरिक, आम्ही नाही. तरी मी या बाईवर रागावू शकत नाही. तिच्यासमोर हक्क मागत बोटीने आलेल्या बायका, पत्र लिहिणारा तो चिनी माणूस, पेपर चालवणारे ते काळे संपादक, यातल्या कुणी तिला खोटी म्हणून सोडून दिलं नाही. समुद्रात ढकला म्हणणाऱ्यानेसुद्धा अट घातली होती, स्वातंत्र्य खरं होईपर्यंत. मला ती अट पटते आणि मी तिला धरून आहे.

खाली आल्यावर अण्णांनी तिथल्या रेंजरला गाठलं. अण्णांचं इंग्रजी कंपनीतलं, मोजकं पण स्पष्ट. "चेन. व्हेअर इज द चेन?" रेंजर बाई काळी होती, पन्नाशीची असेल. तिचा चेहरा एकदम खुलला. म्हणाली, दिवसभरात हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. मग तिने तिच्याकडचा एक लॅमिनेट केलेला फोटो काढून दाखवला, वरून घेतलेला, आणि बोट ठेवून बेडी कुठे, साखळी कुठे आत जाते, कुठे बाहेर येते सगळं सांगितलं. अण्णांनी चष्मा वर करून तो फोटो डोळ्यांजवळ नेला आणि बेडीच्या कड्यावर नख ठेवून मला मराठीत म्हणाले, "हे पण ठोकूनच केलंय. दिसणार नाही माहीत असून किती नीट केलंय बघ." मी तिला ते इंग्रजीत सांगितलं, हे पण सांगितलं की यांचे वडील तांब्याचं काम करायचे. तिने अण्णांशी हात मिळवला.

परतीच्या बोटीत अण्णांनी नवीनच काढलं. मुकुटात जायचंय. चौथऱ्याच्या वर १६२ पायऱ्या आहेत, अरुंद, गोल गोल, लिफ्ट नाही, आणि तिकिटं बरीच आधी काढावी लागतात. मी म्हटलं, अहो अण्णा, गुडघे? तर म्हणाले, वरून न्यूयॉर्क बघायचं नाहीये मला, पत्रा आतून बघायचाय. बाहेरून नुसता आकार दिसतो, काम सगळं आतल्या बाजूने केलेलं असतं. नवऱ्याने लगेच फोनवर तारखा बघितल्या, या ट्रिपमध्ये नाही मिळत, पुढच्या मे महिन्याचं बघतोय. अण्णा तोपर्यंत पर्वती चढायची सवय करणार आहेत, डॉक्टरांना विचारून.